पोलॅरिटी एका कॉइलवर मोजता येत नाही

(रिवाइंडिंग कारागीर, सबस्टेशन कर्मचारी आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ट्रान्सफॉर्मरच्या पोलॅरिटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. एसीमध्ये प्लस-मायनस असतंच कुठे? ५० हर्ट्झच्या सप्लायमध्ये दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते, मग एका टोकाला प्लस कसं म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. एकाच कॉइलपुरतं बोललात तर एसीमध्ये पोलॅरिटी नसतेच. ती दोन कॉइलांमध्ये असते. एखाद्या क्षणी एचव्ही (हाय व्होल्टेज) वाइंडिंगचं पहिलं टोक दुसऱ्या टोकापेक्षा पॉझिटिव्ह असेल, तर त्याच क्षणी एलव्हीचं (लो व्होल्टेज वाइंडिंगचं) कुठलं टोक पॉझिटिव्ह आहे, एवढंच पोलॅरिटी सांगते. पुढच्या अर्ध्या सायकलमध्ये दोन्ही एकदम उलटतात, जोडी मात्र तशीच राहते. दोन्ही कॉइल एकाच कोअरवर (लोखंडी गाभ्यावर) आहेत आणि दोघींमधून एकच फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) जातो, त्यामुळे ती जोडी बदलायला वावच नसतो.

आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा यातच आहे. पोलॅरिटी चुकली तरी एकट्या कॉइलवर लावलेला व्होल्टमीटर बरोबरच दाखवतो. २५० व्होल्ट हवेत, २५० येतात. मेगर (इन्शुलेशनची टेस्ट) बरोबर, रेशो (दोन कॉइलांच्या व्होल्टेजचं प्रमाण) बरोबर, वाइंडिंग रेझिस्टन्स बरोबर. चूक दिसते ती दोन कॉइल एकत्र जोडून त्यांच्या मोकळ्या टोकांमध्ये मोजल्यावरच. तिथे मोजलं नाही तर ती ट्रान्सफॉर्मर चार्ज केल्यावर दिसते, आणि तेव्हा ती फ्यूज उडवून दिसते.

पोलॅरिटी दोन गोष्टींवर ठरते. कॉइल कुठल्या दिशेने गुंडाळली आणि तिचं कुठलं टोक कुठल्या बुशिंगला (बाहेरच्या टर्मिनलच्या इन्शुलेटरला) आणलं. दोन्ही उलटल्या तर पुन्हा सुलटंच होतं. म्हणून कॉइल उघडी दिसत असली तरी नुसतं वळण बघून पोलॅरिटी सांगू नये, लीड कुठे गेली आहे तेही बघावं लागतं. रिवाइंडिंगमध्ये चूक बहुतेकदा इथेच होते. कॉइल फॉर्म्यावर बरोबर गुंडाळलेली असते, पण लिंबवर (कोअरच्या उभ्या खांबावर) चढवताना खालची बाजू वर होते किंवा स्लीव्ह घालताना आतलं आणि बाहेरचं टोक बदलतं. जुनी कॉइल उतरवण्याआधी प्रत्येक लीडला कापडी टॅग बांधून त्यावर लिंब, आतलं की बाहेरचं टोक, वरचं की खालचं हे लिहिलं, तर हा सगळा घोळ टळतो.

ड्रॉइंगमध्ये ही गोष्ट टिंबाने दाखवतात. टिंब असलेली टोकं एकाच वेळी पॉझिटिव्ह होतात. प्रायमरीमध्ये करंट टिंबातून आत शिरत असेल, तर सेकंडरीमध्ये तो टिंबातून बाहेर लोडकडे जातो. हे दुसरं वाक्य नीट लक्षात ठेवा. सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) वेळी सगळं काम त्याच्यावरच चालणार आहे.

आपल्याकडे थ्री फेजच्या टर्मिनलवर १यू, १व्ही, १डब्ल्यू आणि २यू, २व्ही, २डब्ल्यू, २एन अशा खुणा असतात. जुन्या पाट्यांवर एचव्हीला इंग्रजी मोठं ए आणि एलव्हीला छोटं ए दिसेल, पुढे १ आणि २ हे आकडे. अमेरिकी बनावटीच्या मशीनसोबत आलेल्या ट्रान्सफॉर्मरवर एच-१, एच-२ आणि एक्स-१, एक्स-२ असतं. अक्षरं कुठलीही असोत, सारख्या आकड्याची टोकं म्हणजे सारखी पोलॅरिटी. सबट्रॅक्टिव्ह आणि ॲडिटिव्ह यावर पुस्तकांत बरीच पानं खर्च होतात. समोरासमोरची एचव्ही आणि एलव्ही बुशिंग जोडल्यावर उरलेल्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजची वजाबाकी आली तर सबट्रॅक्टिव्ह, बेरीज आली तर ॲडिटिव्ह. भारतात सबट्रॅक्टिव्हची पद्धत आहे. अमेरिकी स्टँडर्डमध्ये २०० केव्हीएपर्यंतचे आणि ८,६६० व्होल्टपर्यंत एचव्ही असलेले सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर ॲडिटिव्ह, बाकीचे सबट्रॅक्टिव्ह अशी विभागणी आहे. ॲडिटिव्ह ट्रान्सफॉर्मर सदोष नसतो, त्याची बुशिंग फक्त उलट क्रमाने बसवलेली असतात. माझ्या मते शॉप फ्लोअरवर हे दोन शब्द विसरले तरी चालतं. टर्मिनलची खूण आणि टेस्टचा आकडा विसरून चालत नाही.

आता टेस्ट. पॅनलमधला २३०/२४ व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रायमरीचं एक टोक आणि सेकंडरीचं एक टोक छोट्या वायरने जोडा. प्रायमरीला २३० व्होल्ट द्या. आता प्रायमरीचं उरलेलं टोक आणि सेकंडरीचं उरलेलं टोक यांच्यामध्ये मीटर लावा. २०६ आले तर जोडलेली दोन टोकं एकाच पोलॅरिटीची, २५४ आले तर विरुद्ध. छोट्या ट्रान्सफॉर्मरची २४ व्होल्टची सेकंडरी लोड नसताना २६-२७ दाखवते, त्यामुळे आकडे थोडे सरकतील. सप्लाय २४० असेल तरीही सरकतील. पण दोन उत्तरांमध्ये जवळपास ५० व्होल्टचं अंतर आहे, म्हणून गोंधळ होत नाही. मीटर ६०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि रीडिंगच्या आधी व नंतर सप्लायचं व्होल्टेज त्याच मीटरने मोजून घ्या. या टेस्टमध्ये दोन्ही वाइंडिंग एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे २४ व्होल्टच्या बाजूलाही सप्लायचा फेज असू शकतो. 'ती लो व्होल्टेज बाजू आहे' म्हणून हात लावायचा नाही.

हीच टेस्ट ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरवर केली की पंचाईत होते. ११ केव्ही/४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एचव्ही कॉइलवर ११,००० आणि एलव्ही कॉइलवर २५०, म्हणजे ४४ चा रेशो. एचव्हीला २३० दिले तर एलव्हीला ५.२ येतात. वजाबाकी २२४.८, बेरीज २३५.२. यार्डातला सप्लाय एवढा तर एका मिनिटात हलतो. म्हणून अशा वेळी निर्णय एका रीडिंगवर घेऊ नका. सप्लायवर एक आणि मोकळ्या टोकांवर एक असे दोन मीटर एकदम लावा आणि कुठला मोठा ते बघा.

आकडा मोठा यावा म्हणून काहींना एलव्हीला सप्लाय द्यायचा मोह होतो. हे कधीही करू नका. ४३३ व्होल्टच्या स्टारमध्ये (तिन्ही कॉइलांचं एकेक टोक न्यूट्रलला जोडलेलं) एका फेजला आणि न्यूट्रलला २३० दिले, की एचव्ही बुशिंगवर १०,१२० व्होल्ट तयार होतात. बुशिंग उघडी असतात, जंपर सोडलेले असतात, आणि शेजारी माणूस उभा असतो. टेस्टचा सप्लाय नेहमी एचव्हीला.

सप्लाय नसेल तिथे बॅटरीची किक टेस्ट चालते. त्यासाठी काट्याचा मूव्हिंग कॉइल मीटर हवा, शक्यतो मधे शून्य असलेला. डिजिटल मल्टिमीटर किक पकडण्याइतका चपळ नसतो, त्याच्यावर काहीतरी आकडा चमकून जातो आणि चिन्ह नक्की कळत नाही. बॅटरीचं प्लस एचव्हीच्या पहिल्या टोकाला, मीटरचं प्लस एलव्हीच्या पहिल्या टोकाला. स्विच लावताक्षणी काटा पुढे गेला तर खुणा बरोबर. स्विच सोडताना काटा मागे जातो. नवशिके इथेच फसतात. मीटरकडे बघायला उशीर होतो, लावतानाची किक निसटते, सोडतानाची दिसते आणि नोंद उलटी होते. एकाने स्विच दाबताना मोठ्याने 'ऑन' म्हणायचं आणि दुसऱ्याने काट्यावरून नजर हलवायची नाही. ४४ च्या रेशोला ६ व्होल्टची बॅटरी दिली तर एलव्हीवर फार तर १४० मिलिव्होल्ट येणार, तेव्हा मीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर हवा. आणि बॅटरी जरी ६ व्होल्टची असली तरी सर्किट तोडताना मोठ्या वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे टोकांवर चांगला झटका बसेल इतकं व्होल्टेज उसळतं. म्हणून लीड हाताने धरून टेकवायच्या नाहीत, पुश बटन वापरायचं.

डायन-११ ट्रान्सफॉर्मरवर किक टेस्ट आणखी एक गोष्ट सांगते. डायन म्हणजे एचव्ही डेल्टात (तीन कॉइल त्रिकोणात) आणि एलव्ही न्यूट्रलसह स्टारमध्ये; पुढचा आकडा घड्याळाचा तास, एक तास म्हणजे ३० अंश. १यूला प्लस आणि १व्हीला मायनस दिल्यावर २यू-२एन मध्ये जोराची पुढची किक मिळते. २व्ही-२एन आणि २डब्ल्यू-२एन मध्ये कमी जोराची, मागे जाणारी किक मिळते, कारण त्या लिंबांमधून फ्लक्स परत जातो. बॅटरी पुढच्या दोन जोड्यांवर सरकवत नेली की नऊ किकांचा तक्ता तयार होतो. त्यात प्रत्येक रांगेत एकच जोरदार पुढची किक असली पाहिजे.

आता चूक झाली तर काय होतं ते बघू. आधी पॅनलमधलं साधं उदाहरण. बऱ्याच कंट्रोल ट्रान्सफॉर्मरना ११५ व्होल्टच्या दोन प्रायमरी असतात. २३० साठी त्या सिरीजमध्ये जोडायच्या. उलट जोडल्या तर दोघींचे अँपिअर-टर्न एकमेकांना मारतात, कोअरमध्ये फ्लक्स उभाच राहत नाही, सप्लायला विरोध करणारं बॅक ईएमएफ येत नाही, आणि सप्लायसमोर फक्त तांब्याचा रेझिस्टन्स व थोडा लीकेज उरतो. फ्यूज ताबडतोब जातो. ट्रान्सफॉर्मर 'शॉर्ट' म्हणून भंगारात टाकला जातो, आणि तो बरेचदा पूर्ण चांगला असतो. यावर आपला जुना सिरीज बोर्ड उत्तम. १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून सप्लाय द्या. बल्ब भरभक्कम पेटला तर कॉइल उलट आहेत, एकीची टोकं बदला. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर बरोबर. त्या जागी एलईडी बल्ब लावू नका, तो काहीच खरं सांगत नाही.

सेकंडरीत १२ व्होल्टच्या दोन कॉइल असतील तर सिरीजमध्ये २४ किंवा शून्य येतात, त्याने काही जळत नाही. पॅरलल करताना मात्र आधी एकच बाजू जोडायची, उरलेल्या दोन टोकांमध्ये मोजायचं, आणि शून्य आलं तरच ती जोडायची.

हाच नियम मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या पॅरललिंगला. १०० केव्हीएचे, ४.५ टक्के इम्पिडन्सचे (करंटला आतून होणाऱ्या विरोधाचे) दोन ट्रान्सफॉर्मर घ्या. एक डायन-११ आहे. दुसरा दुरुस्तीला गेला आणि येताना त्याच्या तिन्ही एलव्ही कॉइल उलट जोडल्या गेल्या. तो आता डायन-५ झाला. त्याला एकटा चार्ज केलात तर फेज टू फेज ४३३, फेज टू न्यूट्रल २५०, फेज सिक्वेन्सही तोच. मोटारी सुलट फिरतात. कुणालाही कधीच कळणार नाही. पण पहिल्यासोबत एकाच बसबारवर घेतला, की दोघांच्या व्होल्टेजमध्ये १८० अंशांचं अंतर पडतं. वळसा घालणारं व्होल्टेज दुप्पट आणि मधे फक्त दोघांचा मिळून ९ टक्के इम्पिडन्स, म्हणजे फुल लोडच्या २२ पट करंट. १३३ अँपिअरच्या जागी जवळजवळ ३,००० अँपिअर, तेही एकही ग्राहक जोडलेला नसताना. डायन-११ सोबत डायन-१ घेतला तरी ६० अंशांचं अंतर आहे, तिथे ११ पट.

म्हणून ब्रेकर लावण्याआधी न्यूट्रल जोडून घ्या आणि ब्रेकरच्या तिन्ही फेजच्या दोन्ही बाजूंमध्ये मोजा. तिन्हीकडे शून्याजवळ आलं पाहिजे. चुकीच्या वेळी इथे ५०० व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा साध्या २३० च्या टेस्ट लॅम्पवर विसंबू नका. न्यूट्रल जोडला नसेल तर मीटरचं सर्किटच पूर्ण होत नाही आणि 'शून्य आलं' असा खोटा दिलासा मिळतो.

तिन्ही कॉइल उलटण्यापेक्षा एकच कॉइल उलटणं जास्त घडतं आणि ते जास्त त्रास देतं. समजा २डब्ल्यूची कॉइल स्टारमध्ये उलटी जोडली गेली. तिन्ही फेज न्यूट्रलशी २५० दाखवतात. पण २यू-२व्ही ४३३, २व्ही-२डब्ल्यू २५०, २डब्ल्यू-२यू २५०. गावात दिवे, पंखे, टीव्ही सगळं ठीक चालतं. घरगुती ग्राहकाची तक्रार येतच नाही. तक्रार येते शेतीपंपाची. मोटार गुरगुरते, तापते, भार उचलत नाही. आणि इथे एक विचित्र गोष्ट घडते. या असंतुलित व्होल्टेजमध्ये उलट फिरवणारा भाग सुलट फिरवणाऱ्याच्या दुप्पट असतो, त्यामुळे हलका भार असलेली मोटार उलटी फिरायला लागते. टॉर्क नेहमीच्या एक-तृतीयांश. वायरमन येतो, उलटी फिरते म्हणून सवयीने दोन फेज बदलून देतो. मोटार सुलट फिरते आणि आता कमी टॉर्कवर तापत राहते, काही दिवसांनी जळते. दोष मोटारीवर येतो. शिवाय तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमध्ये शून्याऐवजी एका फेजच्या दुप्पट करंट जातो आणि न्यूट्रलचा लग काळा पडतो. नवीन किंवा दुरुस्त डीपी (खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर) चार्ज केल्यावर सहाच्या सहा व्होल्टेज मोजा असा आग्रह आहे तो याचसाठी. तीन फेज-न्यूट्रल मोजून खाली उतरणाऱ्याला ही चूक सापडत नाही.

एचव्ही डेल्टातली एक कॉइल उलटली तर गोष्ट आणखी उघड होते. तीन लिंबांच्या फ्लक्सची बेरीज शून्य राहत नाही, उरलेला फ्लक्स टाकीच्या पत्र्यातून वाट काढतो, मॅग्नेटायझिंग करंट प्रचंड वाढतो. एचव्हीला फक्त ४१५ व्होल्ट दिले तरी तिन्ही फेजचे नो-लोड करंट मोजल्यावर ते लक्षात येतं.

सेकंडरीला डेल्टा करायचा असेल, विशेषतः तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरच्या बँकेत, तर शेवटचा कोपरा उघडा ठेवून तिथे मोजा. बरोबर असेल तर काही व्होल्टच येतात. एक कॉइल उलटी असेल तर लाइन व्होल्टेजच्या दुप्पट, ४३३ च्या बँकेत ८६६. हे मोजमाप आधी कमी व्होल्टेजवर, डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून करावं.

व्हेक्टर ग्रुपची (डायन-११ सारख्या जोडणीची) टेस्ट म्हणजे पोलॅरिटी टेस्टच, फक्त तीन फेजवर. १यू आणि २यू जोडा. एचव्हीला थ्री फेज ४१५ द्या. ११ केव्ही/४३३ व्होल्ट डायन-११ असेल तर एलव्हीवर फक्त १६.३ व्होल्ट लाइन टू लाइन असतात, फेजला ९.४. आता १व्ही-२व्ही, १व्ही-२डब्ल्यू आणि १डब्ल्यू-२डब्ल्यू ही तिन्ही रीडिंग सारखी, सुमारे ४०१ यायला हवीत. १डब्ल्यू-२व्ही मात्र ४१५ च्या किंचित वर. डायन-१ असता तर मोठं रीडिंग १व्ही-२डब्ल्यूला आलं असतं आणि १डब्ल्यू-२व्ही ४०१ झालं असतं. म्हणजे या दोनच रीडिंगमध्ये निकाल आहे, आणि अंतर १४ व्होल्टचं आहे. पुस्तकातली दुसरी अट, १यू-२एन अधिक २एन-१व्ही बरोबर १यू-१व्ही, तीही खरी आहे. ९.४ आणि ४०५.६ मिळून ४१५ होतात. पण तिथे चुकीच्या ग्रुपला २एन-१व्ही ४१०.४ येईल, म्हणजे फरक ५ व्होल्टचाच. सप्लायच्या तीन लाइन आपापसांत ५ व्होल्टने कमीजास्त असतील तर तुम्ही काहीही सिद्ध करू शकता. म्हणून सुरुवातीला सप्लायच्या तिन्ही लाइन लिहून घ्या आणि भर १४ व्होल्टच्या फरकावर द्या.

आता सीटी. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या पोलॅरिटीची चूक आवाज करून येते. सीटीची चूक गप्प बसते. प्रायमरीच्या पी-१ मध्ये करंट शिरतो तेव्हा सेकंडरीच्या एस-१ मधून बाहेर पडतो, इतकंच. पण सीटी उलट्या तोंडाने बसवली किंवा एस-१ आणि एस-२ बदलले, तर ॲमीटरवर काहीच फरक पडत नाही.

मीटरिंगमध्ये थ्री फेज फोर वायरला एक सीटी उलटी असली तर संतुलित भारावर मीटर एक-तृतीयांश युनिट नोंदवतो. दोन फेज पुढे, एक मागे. टू-एलिमेंटच्या (दोनच सीटी असलेल्या) एचटी (हाय टेन्शन) मीटरिंगमध्ये ही चूक जास्त फसवी आहे. एक सीटी उलटल्यावर मीटर किलोवॅटऐवजी रिॲक्टिव्हशी जोडलेला आकडा मोजायला लागतो. पॉवर फॅक्टर ०.८ असताना खऱ्याच्या ४३ टक्के, युनिटीला चक्क शून्य. दुसऱ्या फेजची सीटी उलटी असेल तर आकडे तेच, पण उणे. कारखान्याने कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर सुधारला आणि त्याच महिन्यात युनिट कोसळले, तर आधी सीटी बघा. काही मीटर चोरी रोखण्यासाठी दिशा न बघता सगळं इम्पोर्टमध्ये धरतात, तिथे उलटी सीटी झाकली जाते. सोलरच्या नेट मीटरला ते चालत नाही.

डिफरन्शियल प्रोटेक्शनची (आत जाणारा आणि बाहेर येणारा करंट ताडून बघणाऱ्या संरक्षणाची) तपासणी कमी व्होल्टेजवर सुंदर होते. १० एमव्हीए, ३३/११ केव्ही, डायन-११, इम्पिडन्स ८ टक्के धरू. एलव्हीला, सीटीच्या पलीकडे, तिन्ही फेज शॉर्ट करा. एचव्हीला ४१५ व्होल्ट द्या. एचव्हीमध्ये २७.५ अँपिअर, एलव्हीमध्ये ८२.५ अँपिअर वाहतात. सीटी २००/१ आणि ६००/१ असल्या तर दोन्ही बाजूंनी रिलेला १३७ मिलिअँपिअर पोचतात. न्यूमेरिकल रिलेच्या डिस्प्लेवर डिफरन्शियल करंट शून्याजवळ हवा. तसा नसेल तर आकडाच दोष सांगतो. ७१ मिलिअँपिअर दिसले तर रिलेत व्हेक्टर ग्रुपची भरपाई लावलेलीच नाही, ३० अंश तसेच राहिले आहेत. १३७ दिसले तर ११ च्या जागी १ टाकलं आहे. २७५ दिसले तर एका बाजूची पोलॅरिटी उलटी. १३७ आणि सोबत एलव्हीच्या सीटीत शून्य, असं दिसलं तर शॉर्ट सीटीच्या अलीकडे बसला आहे, तो हलवा.

२७५ दिसल्यावर दुरुस्ती कुठे करायची यावरून साइटवर वाद होतात. रिलेच्या सेटिंगमध्ये सीटीची दिशा बदलता येते, पाच मिनिटांचं काम. पण आधी वायरिंग ड्रॉइंगशी जुळतं का ते बघा. ड्रॉइंगप्रमाणे पी-१ बसबारकडे असेल आणि प्रत्यक्षात ती ट्रान्सफॉर्मरकडे असेल, तर वायरिंग सुधारा. सेटिंगने झाकलेली चूक पुढे त्याच सीटीच्या दुसऱ्या कोअरवर मीटर किंवा बॅकअप रिले जोडणाऱ्याच्या गळ्यात पडते.

पीटीचं (व्होल्टेज मोजण्यासाठीच्या पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरचं) थोडक्यात. व्ही-व्ही (दोन पीटींच्या) जोडणीतली एक पीटी उलटली तर दोन लाइन ११० आणि तिसरी १९० व्होल्ट दाखवते. ओपन डेल्टात (एक कोपरा उघडा ठेवलेल्या डेल्टात) ११०/३ च्या कॉइल असतील आणि एक उलटी असेल, तर सिस्टिम निरोगी असतानाही ७३ व्होल्ट येत राहतात आणि न्यूट्रल डिस्प्लेसमेंट रिले चार्ज करताच ट्रिप देतो.

दोन प्रश्न आले आहेत. पहिला, सीटीला बॅटरीची किक टेस्ट केल्याने नुकसान होतं का? कोअरमध्ये थोडं चुंबकत्व उरतं आणि फॉल्टच्या वेळी सीटी लवकर सॅच्युरेट होऊ शकते, म्हणजे कोअर आणखी फ्लक्स घेत नाही. म्हणून बॅटरी क्षणभरच लावा, आणि टेस्ट झाल्यावर प्रायमरी उघडी ठेवून सेकंडरीला एसी देत नी पॉइंटपर्यंत (सॅच्युरेशन सुरू होतं तिथपर्यंत) न्या आणि सावकाश शून्यावर आणा. मधेच सप्लाय तोडायचा नाही, तोडलात तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा प्रश्न रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्टचा (आरईएफ, ट्रान्सफॉर्मरच्या आतला अर्थ फॉल्ट पकडणारं संरक्षण). स्टेबिलिटी टेस्ट (वर सांगितलेली, तिन्ही फेज शॉर्ट करून घेतलेली) पास होते, ट्रान्सफॉर्मर महिनोन्‌महिने लोडवर चालतो आणि बाहेरच्या फीडरवर अर्थ फॉल्ट झाला की आरईएफ ट्रिप देतो. कारण बहुधा न्यूट्रल सीटी उलटी असते. थ्री फेज शॉर्टमध्ये न्यूट्रलमधून करंट जातच नाही, संतुलित लोडमध्येही जवळपास नसतो, त्यामुळे त्या सीटीची पोलॅरिटी आत्तापर्यंत कुठल्याच टेस्टने तपासलेली नसते. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. एलव्हीचा एकच फेज सीटीच्या पलीकडे अर्थला जोडा आणि एचव्हीला ४१५ द्या. आता करंट फेज सीटीतून बाहेर जाऊन न्यूट्रल सीटीतून परत येतो. रिलेत स्पिल (उरलेला) करंट शून्याजवळ हवा, उलटी असेल तर दुप्पट. ही टेस्ट तिन्ही फेजवर वेगवेगळी करा. एकाच फेजवर करून थांबलात तर बाकीच्या दोन फेज सीटींचं न्यूट्रल सीटीशी नातं तपासायचं राहून जातं.